तिसऱ्या बेसजवळचे सर

रकाना क्रमांक सतरा रिकामा होता. बाकी सगळं नंतर झालं.

सरांना नोकरीत कायम करण्याचा अर्ज अकराव्या वर्षी पहिल्यांदा पुढे सरकला होता, आणि कॉलेजचे हेडक्लार्क तो दोन्ही हातांत धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. शिक्षण, अनुभव, निकालाची टक्केवारी, सगळं जागच्या जागी होतं. सतराव्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं. तिथं छापलं होतं, ‘अभ्यासक्रमाबाहेरील जबाबदारी’, आणि पुढे सरांनी पट्टीनं एक सुबक आडवी रेघ मारली होती.

“रेघ चालत नाही,” हेडक्लार्क म्हणाले.

“जबाबदारी नाही, म्हणून मारली.”

“नाही म्हटलं तर का नाही ते विचारतात. रेघ मारली तर कशाची ते विचारतात. त्यापेक्षा घ्या एखादी. बाग समिती आहे, वक्तृत्व मंडळ आहे, झालंच तर मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. त्याला सध्या प्रशिक्षक नाही.”

बाग समितीत वनस्पतिशास्त्राचे दोन प्राध्यापक होते आणि ते एकमेकांशी चिठ्ठ्या पाठवून बोलत. वक्तृत्वात तर स्वतःच बोलावं लागतं. सरांचा त्याबाबतचा अनुभव असा, की वर्गात त्यांनी “लिहून घ्या” म्हटलं की साठ पेनं बाकावर ठेवली जात. घरी त्यांनी “पंखा जरा कमी कर” म्हटलं की बायको “हो” म्हणे आणि पंखा आपला फिरत राही. सॉफ्टबॉलमध्ये प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धाव पुरी करतानाच्या तिसऱ्या टप्प्याजवळ, उभा राहून तोंड न उघडता हातांनी खुणा करतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हा खेळ आपल्यासाठीच काढलेला दिसतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी रेघ खोडली.

नियमांचं पुस्तक एकशे बेचाळीस पानांचं होतं. सरांनी ते चार दिवसांत संपवलं, समासात प्रश्न लिहिले आणि पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता मैदानावर गेले.

मैदान कॉलेजच्या मागच्या बाजूला होतं. आखलेला भाग सोडला तर सगळीकडे करडं, गुडघ्याएवढं गवत. तिसऱ्या बेसच्या मागे सत्तर पावलांवर तारेचं कुंपण होतं (ती पावलं सरांनी मोजली, कारण ते काहीही मोजत), आणि कुंपणापलीकडे पुन्हा तसलंच गवत. उजेड स्वच्छ होता. तरी तिथं एक प्रकारची शांतता होती, वर्गातला शेवटचा विद्यार्थी गेल्यावर असते तशी. सरांना ती ओळखीची वाटली, म्हणून त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

अकरा मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांना खेळ येत होता, प्रश्न तो नव्हताच. गोलंदाजी करणारी मुलगी हाताखालून चेंडू असा सोडायची की सगळे तिला गोफण म्हणत. पंचाईत खुणांची होती. टोपीला हात म्हणजे बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच पुढ्यात टाकायचा. पट्ट्याला हात म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस चोरायचा. या खुणा इतक्या जुन्या होत्या की समोरच्या संघाच्या मुली त्या आधी ओळखून हसायच्या.

“नव्या खुणा करू,” सर म्हणाले.

“करा, सर,” कॅप्टन म्हणाली. ती उंच, सावकाश बोलणारी मुलगी होती आणि गणिताच्या शेवटच्या वर्षाला होती. “फक्त लक्षात राहतील अशा करा.”

ही सूचना सरांनी समासातही लिहिली नाही.

शरीरावरच्या बारा जागा, त्यांतल्या तिहींचा एक संदेश, अर्थ कसा लावायचा ते ठरवणारी एक चावीची खूण, आणि ती चावी दर डावाला बदलणार, अशी ती योजना होती. एकूण शक्यता सतराशे अठ्ठावीस निघाल्या. त्याचा तक्ता जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून जेवण दोन दिवस ओट्यावर झालं.

“अहो, चारचौघांत नाकाला हात लावू नका,” बायको तक्ता बघून म्हणाली. “बाकी कुठंही लावा.”

“नाक ही निव्वळ सातव्या क्रमांकाची जागा आहे.”

“असेल. पण ते तुमचं नाक आहे.”

नाक वगळून हनुवटी घेतली. मग समोरच्या बिऱ्हाडातले काका आले. काका तारखात्यातून निवृत्त झाले होते आणि संदेशवहनाचा विषय निघाला की त्यांना बसायला खुर्ची द्यावीच लागे. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण संदेश सुरू झाला आणि संदेश संपला, याच्या खुणा नाहीत. संपल्याची खूण नसली की तार उघडी राहते.”

“उघडी राहिली तर काय होतं?”

“मग कुणीही वापरतं,” काका म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

सरांना ही सूचना अवैज्ञानिक वाटली. त्यांनी ती घेतली नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला पहिला सामना शेजारच्या कॉलेजशी होता. तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षकासाठी आखलेल्या चौकटीत पाय ठेवल्याबरोबर सरांच्या लक्षात आलं की सतराशे अठ्ठावीसपैकी आपल्याला एकही आठवत नाही. तक्ता घरी होता. पहिली मुलगी फटका मारून पहिल्या बेसवर पोचली, दुसरी बॅट घेऊन उभी राहिली, आणि दोघी त्यांच्याकडे पाहू लागल्या. काहीतरी करणं भाग होतं. सरांनी कान धरला, कोपर चोळलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

पुढच्याच चेंडूला पहिल्या बेसवरची मुलगी सुटली. बॅटमागे बसलेल्या समोरच्या कॅचरनं चेंडू फेकला तो दोन हात उंच गेला, आणि मुलगी दुसऱ्या बेसवरून उठून थेट तिसऱ्यापर्यंत आली, सरांपासून चार फुटांवर, धापा टाकत. दुसरीनं पुढच्या चेंडूवर बंट केला. धाव झाली. त्या दिवशी सरांनी एकवीस वेळा असेच हातवारे केले आणि संघ नऊ धावांनी जिंकला.

“कसं काय सुचलं तुम्हाला?” सरांनी नंतर कॅप्टनला विचारलं.

“तुम्ही सांगितलंत ना. पुढच्याच चेंडूला पळ, थ्रो उंच जाईल, तिसऱ्यापर्यंत ये.”

“थ्रो उंच जाईल ही खूण तक्त्यात नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “पण सांगितलंत.”

सर पदार्थविज्ञानाचे होते. दुसरा एखादा माणूस पेढे वाटून मोकळा झाला असता. सरांनी प्रयोग करायचं ठरवलं. अकरा मुलींना प्रयोगशाळेत अकरा टेबलांवर लांब लांब बसवलं, मध्ये पुठ्ठे उभे केले. स्वतः फळ्यापाशी, काचेच्या कपाटाला पाठ करून उभे राहिले. कुठल्या जागी हात लावायचा हे फाशावर ठरत होतं, म्हणजे सरांच्या मनात काही अर्थ असण्याची शक्यताच नाही. सहा वेळा फासा टाकला, सहा खुणा केल्या, आणि म्हणाले, “काय समजलं ते लिहा.”

अकरा कागदांवर एकच मजकूर होता. ‘उद्या प्रयोगशाळेतला नळ फुटेल. वह्या वरच्या फळीवर ठेवा.’

सरांनी निष्कर्षाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी नळ फुटला. अकरा मुलींच्या वह्या कोरड्या राहिल्या. सरांची नऊ वर्षांची टिपणं खालच्या कप्प्यात होती. ती त्यांनी दोरीवर वाळत घातली आणि दिवसभर त्यांना एकच गोष्ट बोचत राहिली: ही बातमी आपल्याच हातून गेली, आणि ती आपल्याला सोडून सगळ्यांना कळली.

काकांना हे सांगितल्यावर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. “तुम्ही तार आहात, सर,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “तारेला मजकूर ठाऊक नसतो.”

“मग पाठवतं कोण?”

“आमच्या खात्यात तो प्रश्न विचारत नसत.”

आपण माणूस आहोत, द्विपदवीधर आहोत, आणि आपल्याला धातूच्या वस्तूंत जमा केलं गेलं आहे, हे सरांना फार लागलं. पुढच्या सामन्यात त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि सातही डाव बाहेर काढले नाहीत. मुली दर चेंडूआधी त्यांच्या दिशेनं पाहत, मान हलवत आणि नेमकं करायचं ते करत. संघ जिंकला. त्याच्या पुढच्या सामन्यात सर मुद्दाम पाठीमागे हात बांधून उभे राहिले, आणि घरी गेल्यावर बायको म्हणाली, “मी आले होते आज बघायला. किती हातवारे करता अहो. लांबून मला तर वाटलं, तुम्हाला माश्या चावतायत.”

“मी हात हलवलेच नाहीत.”

“बरं,” बायको म्हणाली. पंख्याच्या वेळी म्हणायची तशीच.

संघ अंतिम फेरीत गेला, आणि त्याच आठवड्यात स्पर्धा कार्यालयाचं पत्र आलं. हरलेल्या एका कॉलेजनं तक्रार केली होती. हेडक्लार्कनी ते पत्र सरांना बसायला सांगून मग वाचून दाखवलं, यावरूनच सरांनी काय ते ओळखलं.

“‘सदर संघाचे प्रशिक्षक सामना चालू असताना मैदानावर एकाच वेळी दोन ठिकाणी उभे होते,’” हेडक्लार्क वाचू लागले. “‘एक तिसऱ्या बेसजवळ, एक मागील कुंपणाशी. नियमानुसार चौकटीबाहेरून खुणा करण्यास मनाई आहे.’ खुलासा द्या.”

“दुसरं कुणीतरी असेल कुंपणाशी.”

“तसं नाही लिहिलेलं. दोन्ही आपणच, असं लिहिलंय. पंचांची सही आहे.” त्यांनी चष्मा पुसला. “सोपं आहे. ‘मी एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र द्या. तीन प्रती. दोन साक्षीदार लागतील, तुम्हाला किमान पाच वर्षं ओळखणारे.”

प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्यानं हा मजकूर पूर्वी कधी टाइप केला नव्हता. ‘मी एकच आहे’ यापुढे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ घालावं का, असं त्यानं विचारलं. सरांनी बराच विचार केला. शास्त्राच्या माणसाला खोटं विधान करता येत नाही. “घाला,” ते म्हणाले. पहिले साक्षीदार काका झाले. दुसरी सही बायकोनं केली, पण त्याआधी सरांकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, भाजी घेताना पाहते तसं. सरांना ते आवडलं नाही.

प्रतिज्ञापत्र मंजूर झालं. मग प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की नेमणूक समितीचे तिघं जण अंतिम सामन्याला येणार आहेत आणि सरांचं काम प्रत्यक्ष पाहून तिथंच निर्णय घेणार आहेत.

“त्यांना दिसलं पाहिजे, की मुली तुमचं ऐकतात,” प्राचार्य म्हणाले. “बाकी काही नको.”

सर खाली मान घालून जिना उतरले. मुली ऐकत होत्या, यात वाद नव्हता. पण आपण बोललेलं काही ऐकत होत्या का? त्यांनी त्याच संध्याकाळी निर्णय घेतला. अंतिम सामन्यात निदान एक खूण आपली असेल. आपल्या डोक्यातून निघालेली, आपल्या हातानं केलेली, आणि कॅप्टननं ती पाळलेली. मग कायम करोत किंवा न करोत. त्यांनी सगळा तक्ता बाजूला ठेवला आणि मुलींना सांगून टाकलं, “टोपीला हात म्हणजे बंट. जुनंच. बाकी सगळं विसरा.”

मुलींनी माना हलवल्या.

अंतिम सामना. चार वाजलेले, वारा नाही, गवताचं एक पातं हलत नव्हतं. समितीचे तिघे लाकडी खुर्च्यांवर बसले होते. शेवटच्या डावात बरोबरी, एक जण बाद, तिसऱ्या बेसवर आपली मुलगी, आणि बॅट घेऊन कॅप्टन. इथं बंटच करायचा असतो. हे पुस्तकात अठ्ठ्याण्णवव्या पानावर आहे. सरांनी खिशातून उजवा हात काढला. सावकाश, समितीला दिसेल असा, वर नेला आणि टोपीला लावला.

कॅप्टननं पाहिलं. मग तिनं अगदी हलकेच मान हलवली, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलणाऱ्या मुलाला गप्प करतात तशी.

आणि तेव्हा सरांच्या लक्षात आलं की ती आपल्याकडे पाहतच नाही. तिची नजर त्यांच्या डाव्या खांद्यावरून मागे जात होती. त्यांनी बाकाकडे पाहिलं. तिथल्या मुलीही तिकडेच पाहत होत्या, सगळ्या एकाच जागी, साधारण पाच फूट दोन इंच उंचीवर. सरांची उंची पाच फूट सहा इंच होती; डोळे बरोबर तिथंच येतात. फासा टाकला, पुठ्ठे लावले, हात बांधले, पण नजरेचा कोन मोजायचा राहिला होता. एवढी ढोबळ चूक त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माफ केली नसती.

वळून पाहणं अगदी सोपं होतं. पण चेंडू खेळात असताना प्रशिक्षकानं मैदानाकडे पाठ करू नये, असं पुस्तकात आहे, आणि सरांनी आयुष्यात कुठल्याच नियमाचा इतका कृतज्ञतेनं आधार घेतला नव्हता.

कॅप्टननं बंट केला नाही. तिनं बॅट पूर्ण फिरवली, चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गवतात गेला, आणि सामना संपला.

समितीचे अध्यक्ष स्वतः उठून आले. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, आणि सरांना तो सोडवेना. “नुसत्या हातांवर चालवता हो तुम्ही संघ,” ते म्हणाले. “उद्या ऑफिसातून आदेश घेऊन जा.”

सगळे पांगल्यावर सरांनी कॅप्टनला गाठलं. “तू कुणाकडे बघत होतीस?”

“तुमच्याकडे, सर.”

“मी इथं होतो. चौकटीत. मी टोपीला हात लावला.”

ती ओशाळली. सरांना दुखवायची तिची इच्छा नव्हती, हे दिसत होतं. “तुम्ही नीटच करता, सर. फक्त जरा उशिरा करता. म्हणून आम्ही आधीच कुंपणाशी बघून घेतो. त्या दिवशी प्रयोगशाळेत मात्र तुमचं फाशावर भलतंच काहीतरी चाललं होतं. तेव्हा कपाटापाशी बघून लिहिलं.” मग तिनं विचारलं, “तुम्हाला माहीत होतं ना, सर?”

“अर्थात,” सर म्हणाले. माणसाची इभ्रत कधीकधी अशा एका शब्दावर तरते.

ते घरी चालत गेले. बायकोला सांगायचं वाक्य वाटेत चारदा मनात म्हणून पाहिलं. दार उघडताच ते म्हणाले, “मी कायम झालो.”

“हो, कळलं हो,” बायको पाठमोरीच म्हणाली. “एकदा सांगितलंत ना मघाशी. चहाही घेतलात. आता किती वेळा सांगाल.”

ओट्यावर सरांचा कप विसळून पालथा घातलेला होता. घरात गारवा होता, सुखद असा. सरांनी वर पाहिलं. पंखा कमी केलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात नेहमीपेक्षा वीस मिनिटं लवकर पोचले. हेडक्लार्क रजिस्टर मिटून ठेवत होते.

“माझा आदेश,” सर म्हणाले.

“दिला की.”

“कुणाला?”

हेडक्लार्कनी चष्मा खाली आणला, रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. कायम नेमणूक, पदार्थविज्ञान तथा प्रशिक्षक, जागा एक, आदेश मिळाला. खाली सरांची सही होती. सर नेहमी घाईत शेवटचं अक्षर मोडायचे. या सहीत ते पूर्ण होतं.

“ही माझी सही नाही.”

“तुमचीच आहे. अर्ध्या तासापूर्वी केलीत. पेन माझं होतं.” हेडक्लार्क आता सरांकडे निरखून पाहू लागले आणि त्यांचा आवाज थोडा उतरला. “हे बघा, जागा एकच होती. प्रतिज्ञापत्रही तुम्हीच दिलंय. आता मी कुणाला काय विचारू?”

सर तिथून निघाले. वर्गावर जावं तर आतून शिकवण्याचा आवाज येत होता. आवाज त्यांचाच होता. “लिहून घ्या” म्हटल्यावर साठ पेनं एकदम कागदावर टेकली, आणि ती करकर त्यांना बाहेर दाराशी उभं राहून ऐकावी लागली. ते व्हरांड्यातून खाली उतरले, ग्रंथालयात दुपारपर्यंत एकच पान वाचत बसले, आणि चार वाजता पाय नेतील तिकडे निघाले. पाय मैदानाकडे गेले, पण फाटकातून नाही. बाहेरून, गवतातून, कुंपणाच्या कडेकडेनं.

सराव चालू होता. तिसऱ्या बेसजवळच्या चौकटीत एक माणूस पाठमोरा उभा होता. करडी टोपी, उजव्या खांद्याकडे किंचित झुकलेला. स्वतःची पाठ सरांनी कधी पाहिली नव्हती, तरी ओळखायला वेळ लागला नाही. सत्तर पावलं. तार हाताला थंड लागली.

ओरडावं, असं त्यांना वाटलं. धावत जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, अहो, नोकरी माझी आहे. ते तोंड उघडणार, एवढ्यात गोफणीनं चेंडू हातात घेतला, आणि बॅट घेऊन उभ्या असलेल्या कॅप्टननं मान वर केली.

चौकटीतल्या माणसावरून तिची नजर पुढे गेली, गवत ओलांडून कुंपणापर्यंत आली आणि सरांच्या डोळ्यांत थांबली. बाकावरच्या सगळ्या मुलींनीही तिकडेच माना वळवल्या. कुणी हसलं नाही, कुणाला नवल वाटलं नाही. त्या थांबल्या होत्या. अकरा वर्षांत सरांनी काही सांगण्याची इतकी शांतपणे कुणी वाट पाहिली नव्हती.

सरांनी तार सोडली. उजवा हात उचलला आणि टोपीला लावला.

कॅप्टननं बॅट आडवी धरली. चेंडू हलकेच तिच्या पुढ्यात पडला.

मग, जरा उशिरानं, चौकटीतल्या माणसाचा हात वर गेला.